मग पुन्हा टेस्टर

मला त्या चिठ्ठ्यांचा मनस्वी राग होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी साळसूद समजायला नको.

सत्राच्या पहिल्याच दिवशी नव्या प्राचार्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावून घेतलं. माणूस चाळिशीचाही नाही, डोक्यावरचे केस सगळे जागच्या जागी. त्यांनी फर्मान काढलं की आजपासून प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची. विद्यार्थ्याने दोन ओळी लिहायच्या, आज काय समजलं आणि आज काय समजलं नाही. नाव घालायचं नाही. शिक्षकाने त्या घरी नेऊन वाचायच्या, पुढचा तास न समजलेल्यापासून सुरू करायचा आणि महिनाअखेर सगळा गठ्ठा ऑफिसात जमा करायचा. कोर्स संपल्यावर परीक्षेत कळून काय उपयोग, तोवर गाडी गेलेली असते, शिकवता शिकवताच कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी हात वर केला. म्हटलं, मी चौतीस वर्षं वायरिंग शिकवतेय आणि रोज तास संपताना विचारतेच, कळलं का म्हणून. त्यांनी विचारलं, मग काय उत्तर येतं? मी म्हटलं, 'हो बाई' असं येतं. झालं, सगळी खोली हसली. मोटार दुरुस्तीचे सर तर रुमाल तोंडावर धरून हसले, आणि ते माझे त्या संस्थेतले सगळ्यात जुने मित्र. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही.

मला मुलं मागे फेजबाई म्हणतात. फेज म्हणजे ज्या तारेत वीज असते ती, हात लागला की झटका देते ती. हे नाव मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. दर बॅचला वाटतं. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडतं.

यंदाच्या बॅचला बारा जण होते. मुलं म्हणते मी, पण त्यातलं एकही मूल नव्हतं. दोघी जावा होत्या, ज्यांना मिळून दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. आणि एक आचारी होता, पंचेचाळिशीचा, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. त्याची खानावळ बंद पडली तेव्हा या वयात तो नवं काम शिकायला आला होता. पहिल्या दिवशी त्याला फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, यातला फरक सांगायला मला पाऊण तास लागला. पण एकदा कळलं की कळलं, पुन्हा विचारणं नाही. सहा महिन्यांच्या कोर्सनंतर प्रात्यक्षिक होतं, पंधरा पायऱ्यांचं, आणि त्या कागदावर माझी सही झाली की परवाना मिळतो. म्हणजे लोकांच्या घरातल्या भिंतींमध्ये हात घालायची परवानगी. ती सही मी कधी सैल हाताने केलेली नाही.

माझ्या वर्गात फळ्याच्या वर लाल रंगात तीन वाक्यं लिहिलेली आहेत, मीच शिडीवर चढून लिहिली आहेत. 'आधी टेस्टर तपासा. मग तार. मग पुन्हा टेस्टर.' त्याचं असं आहे, की टेस्टर तारेला लावला आणि दिवा पेटला नाही, तर माणूस समजतो तारेत वीज नाही. पण टेस्टरच मेला असेल तर? म्हणून आधी तो शेजारच्या चालू प्लगमध्ये घालून पेटतो का बघायचं, मग तारेला लावायचा, आणि मग परत चालू प्लगमध्ये. हे शेवटचं सगळ्यांना फालतू वाटतं. मलाही वाटायचं. मी शिकाऊ होते तेव्हा माझ्याबरोबरच्या एकाने टेस्टर आधी तपासला, शिडी चढताना तो त्याच्या हातून पडला, त्याने उचलला, तारेला लावला, पेटला नाही, आणि त्याने तार धरली. मी खाली शिडी धरून उभी होते. तो वाचला नाही. त्यानंतर मी तिसरं वाक्य विसरले असं कधी झालं नाही.

तर चिठ्ठ्या. पहिल्या दिवशी मी त्या पिशवीत कोंबून घरी नेल्या आणि जेवताना उघडल्या. बाराच्या बारा वाचेपर्यंत पानातलं गार झालं. जिला मी हुशार समजत होते त्या धाकट्या जावेने, हे मला पुढे अक्षरावरून कळलं, लिहिलं होतं, 'अर्थिंग म्हणजे काय ते अजून समजलं नाही, विचारायची लाज वाटते.' कुणी लिहिलं होतं, 'समजलं: बाई रागावल्या की खडू मोडतो. समजलं नाही: रागावल्या का.' मी एकटीच हसले, मोठ्याने. घरात आवाज घुमला आणि मी दचकले. कितीतरी दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

त्या घरात मी आणि ताई राहायचो. माझी सख्खी मोठी बहीण, पोस्टात होती. दोघींनी लग्न केलं नाही. ते का, ते कुणी विचारलं तर ताई म्हणायची, हिने माझे दाखवायचे कार्यक्रम पाहिले आणि मी हिचे, दोघी शहाण्या झालो. दीड वर्षापूर्वी ती गेली. जेवताना मी वर्गातल्या गोष्टी सांगायचे आणि ती भाजी निवडत ऐकायची. मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागले की ती काही बोलायची नाही, मान वरही करायची नाही, नुसती दोन बोटं वर करायची. मी वैतागायचे, म्हणायचे, ऐक ना गपचूप. ती म्हणायची, ऐकतेय की, हिशेब ठेवायला नको का? तिसऱ्यांदा सांगितलं तर तीन बोटं. पुढे पुढे मी चिडून मुद्दाम चौथ्यांदा सांगायचे.

ती गेल्यावर मी जेवताना रेडिओ लावून बघितला. नाही जमलं. रेडिओला उत्तर देता येत नाही. चिठ्ठ्यांना देता येतं. मी एकेक चिठ्ठी ताईच्या बाजूला टेबलावर मांडायचे आणि बोलायचे, अगं बाई, अर्थिंग नाही कळलं तर लाज कसली, उद्या बघ कसं सांगते. दुसऱ्या दिवशी मी अर्थिंग बादली आणि पाणी घेऊन शिकवलं, आणि त्या संध्याकाळी त्याच अक्षरातल्या चिठ्ठीत नुसतं 'समजलं!' होतं, उद्गारचिन्हासकट. मला इतका आनंद झाला की विचारू नका. प्राचार्यांना अर्थातच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, चिठ्ठ्या कशा चालल्यात, तर मी म्हटलं, चालल्यात.

नावं नव्हती, पण महिन्याभरात मला बाराही हात ओळखता येऊ लागले. आचाऱ्याचं अक्षर तर लांबून कळायचं. खानावळीच्या दारावरच्या फळीवर तो रोजचे पदार्थ लिहायचा, त्यामुळे अक्षर मोठं, सुटं, रस्त्यावरच्याला वाचता यावं असं.

पाचव्या महिन्यात त्याच अक्षरात एक चिठ्ठी आली. 'समजलं नाही: जिन्याचा दिवा बाईंनी मंगळवारी शिकवला होता. आज गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून का?'

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आला मोठा शहाणा, वर-खाली दोन बटणांची अवघड जोडणी ती, उजळणी म्हणून काही असतं की नाही? तरी उठून पिशवीतून हजेरीचं रजिस्टर काढलं. मंगळवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, जिन्याचा दिवा, ओळख व जोडणी. गुरुवारच्या रकान्यात, जिन्याचा दिवा, ओळख व जोडणी. मी मंगळवारचा तास आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणता काही आठवेना. पाऊस होता की ऊन, कोण कुठे बसलं होतं, काही नाही. मग मी स्वतःची समजूत घातली की दोन तास झोप कमी झाली की असं होतं. ती चिठ्ठी गठ्ठ्यात परत ठेवली नाही. ताईच्या चष्म्याचं घर कपाटात आहे, त्याच्याखाली सरकवली.

पुढच्याच आठवड्यात त्याच हाताची दुसरी. 'बाईंनी आज तार तपासल्यावर टेस्टर पुन्हा तपासला नाही. असं चालतं का?'

हे मात्र मला सहन झालं नाही. मी? मी नाही तपासला? दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि जे तोंड सोडलं ते अर्धा तास. चौतीस वर्षं काढली इथे, म्हटलं. ज्याला माझ्या चुका मोजायच्या असतील त्याने इथे उभं राहून शिकवावं, मी खाली बसते, असंही म्हटलं. खडू दोनदा मोडला. आचारी आपल्या हातावरच्या डागांकडे बघत होता. मला वाटलं, बरी जिरवली. दुसरीही चिठ्ठी चष्म्याच्या घराखाली गेली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या गोड झाल्या. सगळं समजलं. आज छान समजलं. बाईंनी खूप छान समजावलं. 'समजलं नाही' या ओळीपुढे बाराच्या बारा जण 'काही नाही' लिहायला लागले. पहिला आठवडा मी खुशीत होते, प्राचार्यांना मुद्दाम गठ्ठा दाखवून आले. दुसऱ्या आठवड्यात जेवताना मी त्या चिठ्ठ्या ताईच्या बाजूला मांडल्या आणि मला त्यांना काही बोलताच येईना. काय बोलणार? सगळं समजलेल्या माणसाशी बोलायचं काय? मी पटापट जेवले आणि पान उचललं.

तिसऱ्या आठवड्यात मी घरातलं साबणाचं कपाट उघडलं तर आत साबणाच्या अकरा वड्या. मी एकटी बाई, अकरा वड्या कशाला आणीन? पण आणणारं दुसरं होतं कोण. मी तिथेच स्टुलावर बसले. ताई असती तर दुसरी वडी आणली तेव्हाच दोन बोटं वर झाली असती. घरात दुसरं माणूस असलं की आपल्याला कळतं आपण कुठे घसरतोय ते. एकटीला कोण सांगणार? मला कुणीतरी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं. चिठ्ठ्यांचा टेस्टर चांगला पेटत होता, तो मीच आपल्या हाताने आपटला होता. आणि आता तो पेटत नाही म्हणून मी समजत होते, सगळं ठीक आहे.

मग मी जे कुणालाही शिकवते तेच केलं. टेस्टर चालू प्लगवर लावून बघितला.

सोमवारी मी वर्गात मुद्दाम चूक केली. साध्या दिव्याच्या जोडणीत बटण नेहमी फेजच्या तारेवर घालायचं असतं. न्यूट्रलवर घातलं तरी बटण दाबलं की दिवा विझतो, दिसायला सगळं छान दिसतं, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. बटण बंद आहे म्हणून कुणी बल्ब बदलायला गेला की संपला. ही पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे, त्यात चुकणारा माझ्याकडे पास होत नाही. मी फळ्यावर बटण न्यूट्रलवर काढलं, पॅनेलवर जोडून दाखवलं, दिवा लावला, विझवला, आणि विचारलं, कळलं का? 'हो बाई.' म्हटलं, लिहा चिठ्ठ्या.

घरी जाईपर्यंत दम धरवला नाही. शिक्षकांच्या खोलीत बसूनच वाचल्या. बारा चिठ्ठ्या, बारा 'समजलं'. आचाऱ्याची सुद्धा.

म्हणजे हे लोक मला फसवत होते किंवा त्यांना खरंच काही येत नव्हतं. दोन्हीपैकी काय वाईट, ते ठरवत मी बसले होते, तेवढ्यात आठवलं की रजिस्टर वर्गातच राहिलंय. परत गेले. वर्गाचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून आचाऱ्याचा आवाज येत होता. मी बाहेरच थांबले.

तो फळ्यासमोर उभा होता, माझ्या जागी. सगळे बसलेले. तो सांगत होता, बाईंनी आज बटण न्यूट्रलवर दाखवलं, ते फेजवर पाहिजे, ज्यांनी वहीत तसं काढलं असेल त्यांनी खोडा. मग त्याने गेल्या आठवड्यातल्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी चुकीच्या शिकवल्या होत्या. त्या मी मुद्दाम चुकीच्या शिकवल्या नव्हत्या. त्या चुकीच्या होत्या हे मला त्या दाराबाहेर उभं राहून कळलं.

धाकट्या जावेने विचारलं, "हे चिठ्ठीत लिहायला नको का?"

"चिठ्ठ्या ऑफिसात जातात," आचारी म्हणाला. "बाईंकडे दुसरं काही नाहीये. राहू दे."

मी रजिस्टर न घेता घरी आले. रस्त्यात मला रडू आलं, आणि मला रस्त्यात रडणाऱ्या बायकांचा राग येतो. मला दया नको होती. आणि खरं सांगू, त्याहून जास्त मला हे लागलं होतं की तो बरोबर बोलला होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वर्ग गेला तर सकाळी उठून मी कुठे जाणार होते, कुणाशी बोलणार होते? त्या घरात, त्या टेबलापाशी, दिवसभर? आठ दिवस मी हाच विचार केला. पोरांनी सांभाळून घेतलंय, प्रात्यक्षिकाला चार दिवस उरलेत, सह्या करायच्या आणि मोकळं व्हायचं, पुढच्या बॅचचं पुढे बघू, असंही मनात आलं. आलं म्हणजे आलं, मी खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बॅचमध्ये आचारी नसणार होता. फळ्यापुढे जाऊन खोडा म्हणून सांगणारं कुणी नसणार होतं. ते लोक माझी सही घेऊन कुणाच्या तरी घरात जाणार होते, शिडी चढणार होते, आणि खाली कुणीतरी शिडी धरून उभं असणार होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी मोटार दुरुस्तीच्या सरांना हाताला धरून आणलं आणि सांगितलं, आज माझ्या शेजारी बसा, प्रत्येक कागदावर तुमचीही सही पाहिजे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि का म्हणून विचारलं नाही. बारा जण पॅनेलपुढे ओळीने उभे होते. मी म्हटलं की आज आधी माझी परीक्षा होणार, आणि पंधरा पायऱ्यांचा एक कोरा कागद आचाऱ्याच्या हातात दिला. बरोबर केलं तर खूण, चुकलं तर फुली. तो कागद घेईना. म्हणाला, मी कसा काय, बाई. मी म्हटलं, घे.

मी रात्रंदिवस त्या पायऱ्या घोकल्या होत्या, हे कबूल करते. मनात कुठेतरी होतं, की एकदा सगळ्यांसमोर बिनचूक करून दाखवीन आणि हे भूत उतरेल. पॅनेलचा मेन स्विच बंद केला. कुलूप लावलं, किल्ली खिशात. 'काम चालू आहे' ही पाटी अडकवली. हात चालत होते, मला छान वाटत होतं, कितीतरी दिवसांनी. टेस्टर भिंतीवरच्या चालू प्लगवर, मग तारांवर, जुनी जोडणी सोडवली, नवी केली, झाकण लावलं, पाटी काढली, कुलूप काढून मेन चालू केला, दिवा लावला. दिवा लख्ख लागला. मी हात पुसले आणि वळले. म्हटलं, झालं, पंधरा.

थोरली जाऊ खिडकीबाहेर बघत होती. आचाऱ्याने पेन कागदावर धरलं होतं आणि ते हलत नव्हतं. त्याने मोटारच्या सरांकडे बघितलं, सरांनी खाली.

मी म्हटलं, "चिठ्ठीत नको लिहूस. इथे बोल."

"बाई, नववी राहिली," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून कागद घेऊन बघितला. नववी पायरी, टेस्टर पुन्हा चालू प्लगवर तपासणे. माझ्या डोक्यावर, लाल अक्षरात, माझ्याच हाताने लिहिलेलं तिसरं वाक्य. मी म्हटलं, केली ना मी? मला खरंच वाटत होतं मी केली. टेस्टर हातात धरल्याचं, प्लगपाशी वाकल्याचं सगळं मला आठवत होतं.

"नाही बाई. तुम्ही थेट तार धरलीत."

असं म्हणताना त्याने नजर खाली केली नाही. मी कागद परत त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मार फुली. त्याने मारली. मोठी, सुटी, रस्त्यावरच्याला दिसेल अशी.

नंतर मी बाराही जणांची परीक्षा घेतली, सरांना शेजारी बसवून. अकरा जणांनी पंधराही पायऱ्या केल्या. धाकटी जाऊ पाटी लावायला विसरली, तिला दुपारी परत बोलावलं, तेव्हा तिने बरोबर केलं. आचाऱ्याच्या कागदावर मी सगळ्यात शेवटी सही केली. त्याला मी नुसत्या पायऱ्यांवर पास केलं नव्हतंच. समोर उभ्या असलेल्या माणसाला, तोंडावर, तुझं चुकलं म्हणून सांगायचं हे सगळ्यात अवघड काम, आणि या कामात तेच माणसाचा जीव वाचवतं. ते त्याला येत होतं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं. मी तर तोंड दाबायला शिकवलं होतं. हे सगळं त्याला सांगायचं होतं, पण सांगितलं एवढंच की तुझं अक्षर चांगलं आहे. तो म्हणाला, येतो बाई, आणि दारात जरा घुटमळून गेला.

मग मी प्राचार्यांकडे गेले. टेबलावर बारा कागद ठेवले, त्यावर माझा तेरावा, आणि त्याला चष्म्याच्या घराखालच्या दोन्ही चिठ्ठ्या टाचणीने लावल्या. म्हटलं, या मी लपवल्या होत्या. तुमच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या, माझं चुकलं होतं, आणि पुढच्या बॅचला दुसरं कुणी बघा. त्यांनी सगळं वाचलं. बसा म्हणाले, पाणी मागवलं, डॉक्टरांचा विषय काढला, रजेचा काढला, आपण काहीतरी मार्ग काढू म्हणाले. भला माणूस आहे तो, मी उगाच त्याच्या केसांवर घसरले होते. पण वर्गाची किल्ली मी टेबलावर ठेवली ती त्यांनी परत सरकवली नाही. सरकवायला नकोच होती.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. पिशवीत चिठ्ठ्या नव्हत्या. ती इतकी हलकी होती की मी दोनदा आत हात घालून बघितलं. स्वयंपाक केला, पान मांडलं, आणि ताईच्या बाजूकडे तोंड करून तिला सगळं सांगितलं. दार, आचारी, फुली, किल्ली, सगळं पहिल्यापासून. सांगून झालं आणि मी पाणी प्यायले. मग म्हटलं, ताई, आज काय झालं माहितेय का, आणि अर्ध्यावर आल्यावर मला शंका आली, की हे मी आत्ताच सांगितलं की काय?

मी टेबलाच्या पलीकडे बघितलं. दोन बोटं वर करायला तिथे कुणी नव्हतं. मग मी सांगतच राहिले.